बॅकग्राउंडवरचं दार

त्या शुक्रवारी हेमा घरातून निघाली ती एक अर्धवट राहिलेलं चित्र पुरं करायला. जेवायच्या वेळेपर्यंत परत यायचं, असा बेत होता. सासूबाई भाच्याच्या मुंजीसाठी डोंबिवलीला गेल्या होत्या, नवरा विश्राम सकाळीच बँकेत गेला होता आणि घरात उरली होती तीन वर्षांची जुई. तिला ठेवायचं कुणाकडे, हा प्रश्न नौपाड्यातल्या सगळ्या नोकरदार बायकांसारखा हेमाच्याही पाचवीला पुजलेला. शेवटी तिने जुईच्या पायांत लाल रबरी चपला अडकवल्या, डब्यात तूप-गूळ लावलेली पोळी भरली आणि कोपऱ्यावर रिक्षाला हात केला.

वागळे इस्टेटला शुक्रवारची सुट्टी. त्या दिवशी कारखान्यांचे लाइट बंद. एरवी तिथे लेथची करकर, प्रेसचे ठोके आणि टेम्पोवाल्यांच्या शिव्या यांत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. शुक्रवारी मात्र पत्र्यावर कावळा बसला तरी कळतं. एरवी त्या गोंगाटाला नावं ठेवणाऱ्या माणसालाही मग चुकल्यासारखं होतं. तुम्ही तिथे शुक्रवारी कधी गेला नसाल, आणि नाही गेलात तर काही बिघडत नाही.

हेमा काम करायची तो कार्टूनचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हटल्यावर डोळ्यांपुढे भलतंसलतं काही आणू नका. खाली नटबोल्टचं वर्कशॉप, बाजूने लोखंडी जिना आणि वर एक लांबट गाळा. गाळ्यात चित्र काढायची टेबलं, भिंतीला रॅक, आणि टोकाला कॅमेऱ्याची खोली. तिला खिडकी नव्हती. आतून भिंती काळ्या रंगवलेल्या, आणि त्यांवर जुन्या गाद्या ठोकलेल्या, कारण आवाजाचं रेकॉर्डिंगही त्याच खोलीत चालायचं. आत जायला एकच तपकिरी दार.

मालक त्र्यंबक कर्णिक. साठीकडे झुकलेले, हात सोन्याचा, आणि काटकसर अशी की वाकलेली टाचणीसुद्धा ठोकून सरळ करतील. रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारी 'शहाणी बाळं' ही मालिका त्यांचीच. गुंडू, मिठू आणि चिमा अशी तीन लहान मुलं, आणि प्रत्येक भागात एक धडा. जेवणाआधी हात धुवायचे. चपला जोडीने ठेवायच्या. कुणी खेळणं मागितलं तर द्यायचं. भाग संपताना आजीचा आवाज विचारायचा, "काय शिकलो आपण आज?" आणि तिघं एका सुरात धडा म्हणून दाखवायची. अशी मुलं कुणाच्या पोटी येतात देव जाणे, पण आयांचा त्यांच्यावर फार जीव होता.

त्या मालिकेत मोठी माणसं गुडघ्यापर्यंतच दिसायची. आईचे पाय, आजीचे पाय, दूधवाल्याचे पाय. वर काहीच नाही. "मुलांच्या उंचीवरून जग दाखवायचंय आपल्याला," असं कर्णिक सर सांगायचे. चित्रांत रंग भरणारी सरोज हेमाच्या कानाशी लागून म्हणायची, "कसलं काय गं! तोंडं काढायला लागू नयेत म्हणून सगळं."

हेमाकडे बॅकग्राउंडचं काम होतं. हे काम जरा समजून घ्या, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. कार्टूनमध्ये जे हलणार ते सेलवर काढायचं. सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद. पुढच्या बाजूने शाईची रेघ आणि मागच्या बाजूने सपाट रंग. जे हलणार नाही, म्हणजे भिंती, कपाटं, झाडं, ते साध्या जाड कागदावर पोस्टर कलरने रंगवायचं, छान छटा देऊन, उजेड नेहमी डावीकडून आणि सावली उजवीकडे. मग बॅकग्राउंडवर सेल ठेवून वरून फोटो घ्यायचे. म्हणून तर कार्टून बघताना कुठलं दार उघडणार ते आधीच ओळखू येतं. जे सपाट, एकरंगी दिसतं ते उघडतं. ज्याला लाकडाच्या रेषा असतात, कडीखाली सावली असते, ते कधीच उघडत नाही. ते दार नसतंच मुळी, भिंतीचाच भाग असतो.

आणि काम झालेले सेल सरोजने धुऊन, पुसून पुन्हा कोरे करायचे, हा सरांचा नियम.

दोन महिन्यांपूर्वी 'अडगळीची खोली' हा भाग झाला. तिघं मुलं कुणाला न सांगता अडगळीच्या खोलीत शिरतात, दार अडकतं, चिमा रडते, मग आजी येऊन दार उघडते. धडा असा, की दार अडकलं तर रडायचं नाही, मोठ्या माणसाला एकदा हाक मारायची आणि शहाण्यासारखं बसून राहायचं.

चिमाचा आवाज जुईचा होता. हसणं, बोबडं बोलणं, सगळं तिचंच. पण हुकमी रडणं काही तिला जमेना.

"खोटं रडणं कानाला टोचतं हो," कर्णिक सर म्हणाले. "हेमाताई, तिला जरा आत ठेवू या का? एकटीला. दार लावून. दोनच मिनिटं."

हेमा हो म्हणाली. आता हिला काय म्हणावं? पण साहेब इतक्या सहज काही मागतो, की आपण काय देऊन बसलो ते नंतरच कळतं. माइक आत होता, टेपरेकॉर्डर बाहेर. दार लावल्यावर आधी काहीच आवाज आला नाही. मग बारीक हाक आली. मग हुंदका, मग "आई... दार उघड ना... आई...", आणि शेवटी घशातून निघालेला एक लांब सूर. हेमाचा हात पूर्ण वेळ कडीवर होता. सर कानांवरचे हेडफोन दाबून धरत दुसऱ्या हाताने तिला थांबवत होते, अजून थोडं, अजून थोडं. दार उघडलं तेव्हा जुई हेमाच्या गुडघ्यांना अशी चिकटली की सोडवता सोडवेना. हेमा रडली. सरांनी जुईला चॉकलेट दिलं.

त्यानंतर टीव्हीवाल्यांनी भाग लांबला म्हणून कापायला सांगितला. सरांनी आजीने दार उघडायचा शेवटचा तुकडाच काढून टाकला. "कडीचा आवाज टाकू, आजीचं वाक्य टाकू, झालं. कळतं लोकांना." मग हेमाकडे वळून म्हणाले, "दार बॅकग्राउंडलाच रंगवून टाका. उघडायचं नाहीये ना आता."

हेमाने रंगवलं. जीव ओतून रंगवलं. तपकिरी फळ्या, त्यांतल्या गाठी, गंजकी कडी आणि कडीच्या उजवीकडे बारीकशी सावली. सरोज बघून म्हणाली, "अगं, हात लावावासा वाटतो."

त्या रविवारी सगळं घर टीव्हीपुढे बसलं. भाग संपला, नावं वर सरकू लागली, आणि जुई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"दार कोणी उघडलं?"

"आजीने उघडलं की गं."

"आजी नाही आली."

"कडी वाजली ना? ऐकलंस ना तू?"

जुईने मान हलवली. "उघडलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता. चुकीचं सांगणाऱ्या मोठ्या माणसाला मुलं जशी सुधारतात, तशी ती आईला सांगत होती.

त्यांचा टीव्ही लाकडी शटरचा होता. त्या दिवसापासून जुई ते शटर लावू देईना. घरातलं कुठलंच दार पूर्ण लावू देईना. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस हट्ट करील आणि विसरेल. पण ती दुपारी उठून टीव्हीच्या काचेला कान लावून बसायची. विचारलं तर म्हणायची, "आत आहेत." हेमाला आपण केलं ते आठवायचं. तिने ठरवून टाकलं होतं, पुन्हा जुईला रेकॉर्डिंगला न्यायचं नाही. काय ती दोन मिनिटं, पण तिची तिलाच लाज वाटायची.

तर शुक्रवारी ती जुईला घेऊन लोखंडी जिना चढली. खाली रखवालदार बाबुराव खुर्ची टाकून बसला होता. कोपरीच्या जुन्या कोळी घरातला माणूस, नजर अजून तेज. त्याने किल्ल्या दिल्या, जुईला "काय बाय, आज तू साहेबीण?" म्हणून हसवलं. वर गेल्यावर हेमाने खिडक्या उघडल्या. लाइट नव्हते, पण गाळ्याच्या उजव्या अंगाच्या खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं. जुईला जुने सेल खेळायला देऊन ती चित्राला बसली.

रंगकाम करताना माणसाचं भान हरपतं. नळावर हात धुणाऱ्या मुलांमागची मोरी ती रंगवत होती. मागे जुईची बडबड चालली होती. मग जुई हसली. मग कुणाला तरी "नाही, तू आधी" म्हणाली. कुंचला बुडवताना हेमाच्या लक्षात आलं की बराच वेळ काही ऐकू आलेलं नाही.

"जुई?"

टेबलांखाली नव्हती. रॅकमागे नव्हती. जिन्याचं दार आतून हेमानेच लावलं होतं आणि त्याच्या वरच्या बोल्टपर्यंत जुईचा हात पोचत नव्हता. मग कॅमेऱ्याच्या खोलीसमोर तिला लाल चपला दिसल्या. शेजारीशेजारी, टाचा दाराकडे, अगदी नीट जोडीने ठेवलेल्या. जुईने जन्मात कधी अशा चपला काढल्या नव्हत्या. एक दारात आणि एक पलंगाखाली, अशी तिची पद्धत.

"जुई, आत आहेस का गं?"

"आई..." आतून आवाज आला. "दार उघड ना."

हेमाच्या जिवात जीव आला. ती हसलीसुद्धा. "थांब हं, उघडते," म्हणत तिने कडीला हात घातला, आणि हात घसरला. तिने पुन्हा कडी धरायला बोटं वळवली. बोटांत काहीच आलं नाही. कडी दिसत होती, कडीचा गंज दिसत होता, पण हाताला लागत होतं ते सपाट. आणि थोडं ओलसर.

तिने बोटं डोळ्यांपुढे धरली. टोकांना तपकिरी रंग लागला होता. तिने तो हुंगला. डिंकाचा आणि खडूचा मिळून येणारा तो वास ती झोपेतही ओळखेल. पोस्टर कलर.

खिडक्या उजवीकडे होत्या. ऊन उजवीकडून येत होतं. आणि कडीची सावली पडली होती उजवीकडेच.

हेमा ओरडली. कशी ओरडली ते तिला पुढे आठवलं नाही, पण जिन्यावर पावलं वाजली आणि तिने जाऊन बोल्ट काढला. बाबुराव धापा टाकत आत आला.

"काय झाला बाय? कशाला वरडता?"

"जुई आत आहे. दार... दार बघा ना..."

बाबुराव दाराजवळ गेला. त्याने मान जरा तिरकी केली, एक पाऊल मागे घेतलं, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

"बाय... ह्या तं चित्र हाय ना? तुमीच काढलेला?"

"आत माझी मुलगी आहे, बाबुराव."

आतून हुंदका आला. बाबुरावने तो ऐकला. त्याचा हात आपोआप गळ्यातल्या ताइताकडे गेला. "पहार आनतो," एवढंच तो म्हणाला आणि जिना उतरला. पळून गेला असता तरी त्याला कुणी बोल लावला नसता, पण तो खरंच पहार आणायला गेला.

हेमा दाराला, म्हणजे त्या भिंतीला, कान लावून उभी राहिली. आता आत एकटी जुई नव्हती. दोन आवाज आणखी होते, लहान मुलांचे, हळू बोलणारे. काय बोलतात ते कळत नव्हतं, पण समजूत घातल्याचा सूर कळत होता. मग जुईची हाक आली. "आई... दार उघड ना... आई..." आणि घशातून निघालेला तो लांब सूर. मग शांत. मग बारीक हाक, हुंदका, "आई... दार उघड ना... आई...", आणि पुन्हा तोच लांब सूर. हुंदका त्याच जागी. श्वास त्याच जागी. आणि त्या सगळ्याच्या मागे, लाइट नसताना, टेप फिरल्याची बारीक खरखर.

तेव्हा तिला कळलं. हे दोन महिन्यांपूर्वीचं रडणं होतं. त्या दिवशी तिने दार उघडलं होतं, जुई बाहेर आली होती. पण त्या जगात कुणी दार उघडलंच नव्हतं. जुई तेच तर सांगत होती. चिमा, गुंडू आणि मिठू तिथेच होते, हाक मारून झाल्यावर शहाण्यासारखे बसून. आणि आता जुईही तिथे होती, आणि प्रत्येक फेरीला तिच्या आवाजातलं जुईपण थोडं कमी होत होतं. अजून थोड्या फेऱ्या, की उरेल ती फक्त टेप.

पहारीने भिंत फुटेल, चित्रातलं दार नाही उघडणार. चित्रातलं दार उघडतं ते एकाच रीतीने. हे हेमाइतकं कुणाला माहीत?

तिने रॅक उपसला. अडगळीच्या खोलीचं बॅकग्राउंड सापडलं. टेबलावरच्या खुंट्यांना कागदाची भोकं बसवून तिने त्यावर कोरा सेल ठेवला. सेलवर ठसे पडू नयेत म्हणून हातमोजे घालायचं सुचलं नाही. शाईचं पेन उचललं आणि उघडं दार काढायला घेतलं. रेघ सरळ येत होती, इतक्या वर्षांची सवय. दार उघडं, मधे फट. फटीत काहीतरी हवं. कुणीतरी दार उघडलेलं असायला हवं. तिने तिथे स्वतःला काढलं. पायांतली जोडवी, पैंजण, अंगावरच्या हिरव्या साडीचा जांभळा काठ. सेल उलटा करून रंग भरले, हिरवा, जांभळा, कातडीचा. मागे हाक येत होती, "आई...", आणि आता ती कुणाही मुलाची वाटत होती. रंग वाळायला वेळ नव्हता. ओला सेल तिने तसाच खुंट्यांवर बसवला.

मागे कडी वाजली.

हेमा वळली. कॅमेऱ्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत गच्च काळोख, आणि त्यातून जुई अनवाणी चालत आली. तिने हेमाच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि साडीत तोंड खुपसलं. गरम अंग, घामाने ओले केस, गूळपोळीचा वास. हेमाने तिला उचलायला वाकावं, तेवढ्यात तिला काळोखात आणखी पावलं ऐकू आली. लहान, घाईची पावलं. दारापाशी येऊन ती थबकली. जशी मुलं कुणाच्या घरी आत यायच्या आधी थबकतात, विचारायचं असतं म्हणून.

हेमाने दार ओढलं आणि कडी घातली. खरी, थंड, लोखंडाची कडी.

"ते दोघं राहिले," जुई म्हणाली.

बाबुरावने पहार घेऊन येऊन दार उघडलं तेव्हा आत कॅमेरा होता, गाद्या होत्या आणि कोंदट वास होता. हेमाने तो सेल कागदात गुंडाळून रॅकच्या वरच्या कप्प्यात, मागे सारून ठेवला. फाडायची छाती नव्हती, आणि घरी न्यायची तर त्याहून नव्हती. जुईला कडेवर घेऊन ती जिना उतरली, ती पुन्हा त्या गाळ्यात पाऊल टाकायचं नाही असं ठरवूनच.

पहिले दोन दिवस आनंदात गेले. जुई खात होती, खेळत होती, दारांना घाबरत नव्हती. सासूबाई परत आल्या आणि म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" चपला आता जोडीने ठेवलेल्या असायच्या, जेवणाआधी हात धुतलेले असायचे. सासूबाईंना त्याचंही कौतुक.

हेमाच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण अशी गोष्ट लक्षात घ्यायला मनच धजत नाही. जुई तिच्या गुडघ्यांशी बोलायची. साडीच्या निऱ्यांकडे बघून गोष्टी सांगायची, पायांकडे बघून हसायची. तीन वर्षांचं मूल ते, कुठे बघेल, असं म्हणून हेमाने सोडून दिलं. मग एका दुपारी भरवायला ती जुईसमोर मांडी घालून बसली, चेहऱ्यासमोर चेहरा आणून. जुईने घास घेतला नाही. तिची नजर हेमाच्या तोंडावरून, डोळ्यांवरून रिकाम्या भिंतीवरून फिरावी तशी फिरली.

"आई?" तिने हाक मारली, स्वयंपाकघराकडे बघत. "आई कुठे गेली?"

"इथे आहे गं सोन्या. ही काय, तुझ्यासमोर."

जुईचा ओठ वाकडा झाला. हेमा धडपडत उठून उभी राहिली. लगेच दोन हात गुडघ्यांभोवती पडले आणि खालून खुशीत आवाज आला, "आलीस?"

उभ्याउभ्याच हेमाला तो सेल डोळ्यांपुढे आला. जोडवी, पैंजण, हिरवी साडी, आणि गुडघ्याशी येऊन थांबलेली रेघ. घाईत तिने स्वतःला काढलं होतं ते मालिकेच्या सवयीने. वरचं काढायचं तिला सुचलंच नव्हतं. मुलीला न्यायला दारात आली होती ती एवढीच आई.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ती जुईपुढे उभी राहायला लागली. उभ्याने भरवायचं, उभ्याने वेणी घालायची. झोपवताना पलंगाच्या कडेला उभं राहायचं, जुईचा हात गुडघ्यावर येऊन विसावेपर्यंत. विश्राम म्हणायचा, "अगं, बस की जरा." हेमा उभीच राहायची. पाय सुजायचे. पण जुई तिच्याजवळ होती, श्वास घेत होती, हसत होती. तेवढ्यावर ती तग धरून होती. एकदा मनात आलं, जाऊन तो सेल काढावा आणि वरचं राहिलेलं पुरं करावं. चेहरा काढावा. उद्या जाऊ, असं ती रोज म्हणायची.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या. फोन वाजला. सरोजचा होता.

"अगं, आहेस कुठे तू? सर विचारतायत. बरं, रॅकवर मागे एक दाराचा सेल ठेवलेलास तू? काय सुंदर झालेला गं! मी सरांना म्हटलंसुद्धा, राहू दे म्हणून. पण तुला माहितीये ना त्यांचं..."

"सरोज," हेमा म्हणाली, "कुठे आहे तो?"

"धुतला. आत्ताच धुऊन वाळत घातले सगळे. का गं?"

हेमाने फोन ठेवला. तिने काढलेलं उघडं दार आता कुठेच उरलं नव्हतं. बाहेर जिन्यावर पावलं वाजली आणि बेल वाजली.

"हेमा, उघड," बाहेरून विश्रामचा आवाज आला. "किल्ली विसरलोय मी."

ती दाराकडे गेली. हात पुढे केला आणि तिथेच थांबली. गॅलरीतून संध्याकाळचं ऊन उजवीकडून येत होतं. कडीची बारीकशी सावली कडीच्या उजवीकडे पडली होती. फळ्यांच्या रेषा फार छान आल्या होत्या. लाकडात दोन गाठी होत्या, आणि त्यांच्या दाराला गाठी कधीच नव्हत्या.

तिने बोट लावून पाहिलं नाही.

बेल पुन्हा वाजली. "अगं, काय करतेयस आत?"

हेमाने विश्रामला हाक मारायला तोंड उघडलं. बाहेर पडला तो हुंदका. तेव्हा तिच्या गुडघ्यांवर थोपटल्यासारखं झालं, मायेने, मोठ्या माणसासारखं.

"रडायचं नाही हं, आई," जुई खालून म्हणाली. "काय शिकलो आपण आज?"

आणि हेमाने काही उत्तर द्यायच्या आत तिच्या पायांपाशी तिघांनी मिळून, एका सुरात, धडा म्हणायला सुरुवात केली.